तपासणीच्या रांगेतली ओळ

आधीच सांगतो, या विभागातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलोय. चकवा, पांढरी साडी, मागून आलेली हाक... वाचायचं, हसायचं आणि जेवायला बसायचं. फौजेत मी सिग्नलला होतो. वायर तुटली की आवाज बंद, जोडली की चालू – एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याची मला थोडी लाज वाटतेय. पण न लिहून चैन पडत नाही.

माझं गाव इस्लामपूर-आष्टा रस्त्यापासून थोडं आत. हवालदार म्हणून रिटायर झालो. आता थोडा ऊस, एक म्हैस आणि वेळच वेळ. मोटर, स्टार्टर, केबल यातलं मला बरं कळतं, म्हणून एका मराठी प्रश्नोत्तरांच्या साइटवर शेतकऱ्यांना उत्तरं द्यायला लागलो. उत्तर चांगलं असलं की पॉइंट मिळतात, आणि पॉइंट वाढले की एकेक अधिकार हातात येतो. आधी दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करायचा, मग तेच तेच प्रश्न बंद करायचा, आणि मग तपासणीच्या रांगेत बसायचा. या रांगेत नव्या माणसांनी लिहिलेली उत्तरं एकेक करून समोर येतात. खाली तीन बटणं – ‘ठीक’, ‘काढून टाका’ आणि ‘पुढे’.

आता आपली माणसं कशी, तुम्हाला माहितीच आहे. उत्तराचा रकाना म्हणजे त्यांना गावचा पार वाटतो. कुणी विचारतो स्टार्टर सारखा का पडतो, आणि खाली उत्तर काय? ‘राम राम, बरेच दिवसांनी दिसलात.’ दुसरा लिहितो, ‘आमचंबी असंच झालंय.’ तिसरा, ‘दाजी फोन उचला.’ हे सगळं काढून टाकायचं माझं काम. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. आमच्या मंडळी म्हणायच्या, “घरात कोण ऐकत न्हाई, म्हणून तिकडं सायेब झालाय व्हय.”

हे काम मला साताऱ्याच्या एका मॅडमनी शिकवलं. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि साइटच्या जुन्या मॉडरेटर. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो तेव्हा पोवई नाक्यावर एका हॉटेलात बसून त्यांनी मला सगळं समजावलं. त्यात त्यांनी चाचणीचंही सांगितलं. म्हणजे असं, की रांगेत मध्येच एखादं मुद्दाम चुकीचं उत्तर सोडलेलं असतं. तपासणारा खरंच वाचतोय की झोपेत बटणं दाबतोय, ते बघायला. बरोबर बटण दाबलं की ‘ही चाचणी होती, शाब्बास’ असं येतं. चुकलात तर काही दिवस रांग बंद. फौजेत सरप्राइज इन्स्पेक्शन काढलेला माणूस मी, मला त्याचं काय वाटणार? तरी पहिल्याच आठवड्यात एकदा चुकलो आणि दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीकडे संशयानेच बघायला लागलो.

एका सकाळी धार काढून झाल्यावर चहा घेऊन बसलो होतो. रांगेत एक उत्तर आलं. वरचा प्रश्न कुणा ताईंचा होता, थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, काय करावं. आणि खाली उत्तर –

‘तात्या, उत्तमला खाली सोडू नगंस. आदी दिवा सोडून बघ.’

लिहिणाऱ्याचं नाव जिथे असतं तिथे मोकळी जागा. मी मनात म्हटलं, वा, चाचणी! इडलीच्या पिठात कोण दिवा सोडतो? ‘काढून टाका’ दाबलं आणि शाब्बासकीची वाट बघत बसलो. ती आलीच नाही. सरळ पुढचं उत्तर समोर आलं.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ. या वेळी वर प्रश्न होता आधार कार्डावरचा पत्ता कसा बदलायचा. काढून टाकली. मग जतकडच्या कुणाचा मेंढ्यांच्या खुरांचा प्रश्न होता, त्याच्याखाली पुन्हा तीच. अक्षर न् अक्षर तेच, नावाच्या जागी तेच मोकळं. शाब्बास नाही, चुकलात नाही, काहीच नाही.

मी मॅडमना फोन लावला. जरा चिडूनच म्हणालो, की चाचणी घ्या, पण निकाल तरी सांगा. त्यांनी फोन चालू ठेवूनच कॉम्प्युटरवर बघितलं. काढून टाकलेली उत्तरंसुद्धा त्यांना दिसतात. म्हणाल्या, त्या प्रश्नांखाली असं उत्तर कधी आलेलंच नाही. आणि चाचण्या अशा नसतातच. मी वाद घातला. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, थोडे दिवस विश्रांती घ्या.

विश्रांती कसली... ओळ येतच राहिली. पण आता ती काढून टाकायला हात धजेना. मी ‘पुढे’ दाबायचो. ती पुढे जायची आणि फिरून परत यायची. माझं कशात लक्ष लागेना. उसाला पाणी सोडायला जायचो आणि बांधावर उभा राहून परत यायचो, कॉक न फिरवताच. जेवताना हिने दोनदा विचारलं, भाजी अळणी आहे का. मला चवच कळत नव्हती. कोण तात्या, कोण उत्तम? आपल्या सांगली जिल्ह्यात चौकात उभं राहून ‘तात्या’ म्हणून हाक मारली तर निम्मा चौक वळून बघेल.

मग तो दिवस आला. दुपारचं जेवण व्हायचं होतं. मोटरींच्या विभागात एक नवा प्रश्न आला. विचारणारा पलूसकडचा, नवा सभासद, नाव टाकलेलं नाही, नुसते आकडे. प्रश्न असा – ‘आमच्या जुन्या विहिरीवर बरीच वर्षं फरशी होती. आज काढली. आत जुनी मोटर अडकली आहे. माणूस उतरवून काढायची आहे. दोर कुठल्या अंगाने बांधावा?’

सवयीने माझा हात आधी कुठे गेला असेल? ‘हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे’ या बटणावर. मोटर वर काढण्याचा एक जुना प्रश्न होता, त्याला जोडून हा बंद करायचा, अगदी नियमाप्रमाणे. बोट टेकलं होतं. तेवढ्यात ‘उतरवून’ हा शब्द डोळ्यांत गेला आणि मी बोट उचललं.

वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत हवा मेलेली असते, हे मोटरीचं काम करणारा कुणीही सांगेल. आत दिवा सोडून बघायचा, तो विझला तर माणूस सोडायचा नाही. मला उत्तर लिहिता आलं असतं. पण तो माणूस विहिरीच्या काठावर उभा, उत्तर कधी वाचणार? खाजगी निरोप पाठवायची सोय साइटवर नाही. एकच गोष्ट मला माहीत होती. नवं उत्तर आलं तर घंटी वाजत नाही, पण कुणी प्रश्नाचं शीर्षक बदललं, की विचारणाऱ्याच्या फोनवर लगेच वाजते.

दुसऱ्याच्या प्रश्नात आपलं म्हणणं घुसडायचं नाही, हा पहिला नियम. फोन नंबर टाकायचा नाही, हा दुसरा. मी दोन्ही मोडले. त्याचं शीर्षक पुसलं आणि लिहिलं – ‘तात्या, उत्तमला खाली सोडू नका. आधी या नंबरवर फोन करा.’ खाली माझा नंबर.

फोन लगेच वाजला.

“आवं, कोण तुमी? माझ्या प्रश्नात हे काय लिवलंय?”

“तात्या का?”

“व्हय.”

“उत्तम कुठं आहे?”

तो हळू आवाजात म्हणाला, “कमरंला दोर बांधतोय. माझा धाकला भाऊ हाय. तुमी कुठलं पावणं?”

मी सांगितलं, पावणं वगैरे नंतर बघू, आधी त्याला खाली बसवा. मग कंदील पेटवून दोराने आत सोडा आणि माझा फोन चालू ठेवा. कुणाही अनोळखी माणसाचं त्याने ऐकलं नसतं. पण नावं ऐकून तो हबकला होता. कंदील आणायला कुणीतरी वस्तीकडे पळालं. मी ओसरीत उभा, कानाला फोन, आणि ही माझ्याकडे बघत स्वयंपाकघराच्या दारात. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, “सोडला.” आणि थोड्या वेळात, “इझला. निम्म्यातबी गेला न्हाई.” त्यांनी तो वर काढून पेटवला आणि परत सोडला. परत विझला.

मग तात्या फोन बाजूला धरून बोलला, पण मला ऐकू आलं. “उत्तम, हिकडं ये. आदी दोर सोड कमरंचा.”

मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. हिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो.

पुढे मी त्यांच्याकडे जाऊन आलो. साधी माणसं, उसाचा पट्टा, दारात दोन शेळ्या. उत्तमचं लग्न नुकतंच ठरलेलं. मी सगळं खोदून विचारलं. त्या विहिरीत पूर्वी कुणी गेलंय का? नाही. घरातलं दुसरं कुणी साइटवर लिहितं का? नाही. विहीर उघडायचं त्यांनी आदल्या संध्याकाळी ठरवलं होतं, आणि ओळ तर माझ्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. त्यांच्या आईने माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि विचारलं, “त्ये लिवलं कुणी म्हनायचं?”

दोनच दिवसांनी मॅडमचा फोन आला. नियम मोडल्याची तक्रार गेली होती आणि निर्णय त्यांनाच घ्यायचा होता. म्हणाल्या, “माणूस वाचला, हवालदार, त्याचा आनंद आहे. पण त्या ओळीचा साइटवर कुठेच मागमूस नाही. लोक म्हणतात तुमची त्यांची आधीची ओळख असणार. मला अधिकार काढून घ्यावे लागतील.”

मी म्हटलं, घ्या. माझी तक्रार नाही.

त्या फोन ठेवतील असं वाटलं. पण त्या थांबल्या. “ओळीत नाव होतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो. दोन नावं.”

“माझ्या वेळेला नाव नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा लावला. दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, त्या विषयावर चकार शब्द नाही.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. मोबाइल बदलून पाहिला. पोराला पुण्याहून बोलावून कॉम्प्युटर दाखवला. सांगलीला जाऊन डोळे आणि डोकं दोन्ही तपासून आलो, डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात. उत्तर मिळालं नाही. आजही नाही. आणि खरं सांगायचं तर उत्तम वाचला म्हणून मी ते सोडूनही दिलं असतं.

पण अधिकार गेले त्याच दिवशी सकाळी, मॅडमचा फोन यायच्या आधी, मी रांग उघडली होती. आवळ्याच्या लोणच्याचा प्रश्न होता. नावाच्या जागी मोकळं. खाली दुसरीच ओळ –

‘आक्का, आज त्यांच्या गाडीवर बसू नगंस. चालत ये.’

मी ‘पुढे’ दाबलं. म्हटलं, परत येईलच, तेव्हा नीट बघू. दुपारी माझी रांग बंद झाली. आता तिथे दुसरा कुणीतरी बसत असेल, माझ्यासारखाच हुशार. त्याच्यासमोर ती ओळ आली तर तो चाचणी समजून काढून टाकेल आणि शाब्बासकीची वाट बघेल. म्हणून हे लिहितोय. तुमच्यापैकी कुणी अशा कामाला असेल, तर कृपा करून थांबा. आणि कुणाच्या घरी आक्का असेल तर तिला सांगा. ओळीत ‘आज’ असं आहे, पण कुठला आज, ते मला माहीत नाही.

हिला मी ओळ वाचून दाखवली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा धाकटा भाऊ तिला आक्का म्हणतो.

परवा शेजारच्या गावात बाजार होता. मी गाडी काढली, फडक्याने सीट पुसली आणि हाक मारली. ती पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. म्हणाली, “तुमी व्हा फुडं. मी येते चालत.”

मी गाडी परत आत लावली. पिशवी तिच्या हातातून घेतली आणि आम्ही दोघं चालत निघालो.