आमच्या विहिरीतली बॉडी

खून मुंबईत होतो आणि प्रेत आमच्याकडे सापडतं. मोठ्या शहराच्या रस्त्यावरच्या गुन्हेगारीच्या मालिका मी इतक्या पाहिल्यात की हे मी झोपेतही सांगेन. सुरे, गल्लीबोळातला पाठलाग, बारमधली मारामारी, सगळं मुंबईत. मग कुणीतरी सिगारेट पेटवून म्हणतो, नालासोपाऱ्याला नेऊन टाक. नाहीतर विरारच्या झाडीत, नाहीतर वसईच्या खाडीत. आम्ही म्हणजे यांच्या परसदारचा उकिरडा. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली, ज्यांच्या आईवडिलांनी इथे हौसेने फ्लॅट घेतलेत, त्या मुंबईच्या नातेवाइकांना पत्ता सांगताना ‘बोरिवलीच्या पुढे’ एवढंच म्हणतात.

खोटं कशाला बोलू, मला या मालिका आवडायच्या. पोळ्या लाटताना मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून मी बघत असे. आई शेजारी भाजी निवडत बसायची आणि मधेच विचारायची, आता कुणाला मारलं? मी सांगितलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला, त्याची आई कुठाय? मला वैताग यायचा. पण तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. असल्या गोष्टींत मारणाऱ्याला आई असते, ती देवापुढे बसून रडते. मरणाऱ्याला कुणीच नसतं.

आमची वाडी वसईत, सांडोर गावाच्या बाजूला. केळी, थोडी भाजी, जास्वंद, आणि मधोमध उंबराखाली विहीर. आता तिच्यावर मोटर आहे, पण एका कामासाठी दोर आणि कळशी अजून लागते. आमच्या आळीत कुणाच्याही घरी लग्न निघालं की हळदीच्या दिवशी बायका वाजतगाजत पाणी आणायला आमच्या विहिरीवर येतात. उंबराची पूजा होते, विहिरीची ओटी भरतात, आणि पहिली कळशी विहिरीच्या मालकिणीने ओढायची. ती मालकीण म्हणजे माझी आई. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. आईने आळीतल्या सगळ्या पोरींच्या कळशा ओढल्या. आता माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ही पोर तिची आई नोकरीला जायची म्हणून आमच्याच ओट्यावर वाढलेली. तिच्या हळदीचं पाणी ओढायचं, ही आईची एकच इच्छा उरली होती, आणि ती दिवसातून दोनदा मला ऐकवली जायची.

त्याच सुमारास सिनेमावाले आले. मी शाळेत होते. एक गोड बोलणारा माणूस ओट्यावर बसला, चहा प्यायला, विहिरीचं कौतुक केलं आणि शूटिंगसाठी मागितली. आईला वाटलं, हिरॉईन पाणी भरेल, गाणं म्हणेल. ती हो म्हणाली. मी घरी आले तेव्हा शब्द दिला गेला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं आमच्या घरात चालत नाही. पैसे त्यांनी चोख दिले. माझी तक्रार पैशांची नाहीच.

दिग्दर्शक तिशीतला, दाढी कोरलेली, बोलणं अर्धं इंग्रजी. त्याला ‘स्ट्रीट’चं फार वेड. तो जिथे वाढला तिथे रस्त्यावर पाय ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नसावी, म्हणूनच असेल. त्याने वाडीत एक फेरी मारली आणि मला म्हणाला की जागा सुंदर आहे, पण इतकी सुंदर नकोय. मग त्याच्या माणसांनी जास्वंद छाटली. केळीपुढे गंजके पत्रे उभे केले, विहिरीच्या कठड्याला काळं-हिरवं फासलं आणि पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या सोडल्या. आमच्या विहिरीला त्यांनी गरिबी फासली. हे आमच्या बाजूचं वाटत नाही, असं मी म्हटलं, तर तो हसून म्हणाला की प्रेक्षकाला असंच खरं वाटतं.

वर काळं कापड बांधून भर दुपारी अंधार केला आणि तेव्हा आईला कळलं की हिरॉईन नाहीच. होती एक रबराची बाहुली. जवान मुलीएवढी, केस खऱ्यासारखे, अंगात पिवळा ड्रेस. ती विहिरीत टाकायची आणि पोलीस झालेल्या नटांनी दोराने वर ओढायची. एका पोलिसाने प्रेताकडे बघत वडापाव खायचा, तो विनोद होता. तो घास काही मनासारखा पडेना. मग पुन्हा टाका, पुन्हा ओढा. आई ओट्यावरून बघत होती. टाकल्यावर पाण्याचा जो आवाज यायचा त्याला ती दर वेळी दचकायची.

मधे सुट्टी झाली. बाहुली कठड्यावर तशीच पडली होती, ड्रेस मांड्यांपर्यंत वर गेलेला. तो गेला नव्हता, तसा ठेवला होता, पिनांनी. आई आत गेली, स्वतःची शाल घेऊन आली आणि तिने बाहुली पांघरली. एका पोऱ्याने शाल काढली. आईने परत घातली. शेवटी दिग्दर्शक आला.

“ही कोण?” आईने विचारलं.

“आजी, ही बॉडी आहे.”

“नाव काय तिचं?”

“नाव नाही. बॉडीच.”

तिला मारली कशाला, असंही आईने विचारलं. ते पुढच्या भागांत कळेल, असं त्याने सांगितलं, आणि शालीची घडी घालून अगदी अदबीने तिच्या हातात दिली. मला त्या अदबीचाच जास्त संताप आला. शिवी दिली असती तर निदान उलट देता आली असती.

ते गेल्यावर आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोटर लावून विहीर उपसायला घेतली. पाणी पाटातून केळीत, केळीतून वाटेवर, वाटेवरून आळीभर वाहिलं. मग भटजींना बोलावलं, शांत केली, विहिरीत दूध-हळद सोडली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं, रबर होतं ते. रबराची कसली शांत?

ती म्हणाली, “रूप तर पोरीचं व्हतं ना? तिचं कुनी नाय. कुनीतरी करायला हवं.”

म्हणजे ती शांत विहिरीसाठी नव्हतीच. त्या मुलीसाठी होती. हे फक्त मला ठाऊक. आळीला दिसलं ते एवढंच की विहिरीतून पोरीचं प्रेत काढलं, आणि लगेच भटजी आला.

तरी सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. मालिका आली तेव्हा उलट सगळ्यांना कोण आनंद. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आमची विहीर. पडद्यावर ती जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ होती आणि नालासोपाऱ्यातल्या कुठल्यातरी वस्तीतली म्हणून दाखवली होती, पण उंबर लपला नव्हता. वडापाववाल्या पोलिसाला लोक खदखदून हसले. मी सगळे भाग बघितले, केवळ आईच्या प्रश्नासाठी. ती मुलगी कोण होती, तिला का मारलं, हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. दोन गुंडांच्या भांडणात लेखक तिला साफ विसरून गेला. मी आईला तसं सांगितलं, तर ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

मग कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी विहिरीच्या बाजूने जाऊ नका असं पोरांना सांगायला लागले. कुणाच्या घरात ताप आला, त्यांना विहीर आठवली. साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं आमच्या आळीत काही कमी नाहीत. आईच्या कानावर सगळं येत होतं. ती कळशी चिंचेने घासून ठेवत होती. लग्न जवळ आलं होतं.

हळदीच्या आदल्या आठवड्यात वहिनी आली, म्हणजे नवरीची आई. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग तिने सांगितलं की पाणी आणायला यंदा खालच्या वाडीतल्या विहिरीवर जायचं ठरलंय. मन मानत नाही, म्हणाली. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

मी तिला सगळं समजावलं. रबर, पिना, वडापाव, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं.

“काही नव्हतं तर शांत का केलीत, काकू?”

मी सांगायला गेले की ती शांत विहिरीची नव्हती, त्या मुलीची होती. माझं मलाच ऐकू आलं ते कसं वाटतंय. वहिनीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, बघा, आता ह्याच सांगतायत की मुलगी होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत.

इथवर मी सोसलं. पण उठता उठता वहिनी म्हणाली की लग्नाला हॉलवर बुफे आहे, पण हळदीला पंगत बसवायची आहे, तर केळीची पानं नेहमीसारखी तुमच्याकडचीच पाठवा. बाजारातली फाटकी निघतात.

माझा तोल गेला. त्या केळी काय खालच्या वाडीतलं पाणी पितात का, असं मी विचारलं. विहीर उपसली ते सगळं पाणी याच केळीत गेलं, ते चालतं का? पाणी बाटतं आणि पानं बाटत नाहीत, हे शास्त्र कुठल्या भटाने सांगितलं? त्या सिनेमावाल्यांना मी शिव्या घालत होते, पण ते निदान परके होते. ही तर याच ओट्यावर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलेली बाई. वहिनी लालबुंद झाली. म्हणाली, तुम्हाला द्यायची नसतील तर तसं सांगा.

“किती पानं हवी?” आईने विचारलं.



हळदीच्या सकाळी आईने विहिरीची पूजा केली. उंबराला कुंकू लावलं, दोर सोडला आणि पहिली कळशी ओढली, जशी ओढायची तशी. कळशी कडेवर घेऊन ती वाडीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, चल आत, कशाला शोभा करून घेतेस. ती हलली नाही. वाजंत्री आली. पुढे वाजवणारे, मागे डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका, त्यांत वहिनी. फाटकापाशी आल्यावर सगळ्यांना एकदम समोरच्या रस्त्यावर काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं. एकीनेही मान वळवली नाही. यांतल्या निम्म्या जणींना आईने ओढलेल्या पाण्याने हळदीचं न्हाण घातलं होतं. माझ्या मनात आलं की एकेकीचं नाव घेऊन तिथेच ओरडावं. वाजंत्री खालच्या वाडीकडे वळली आणि आवाज कमी होत गेला.

आई परत आली. कापलेल्या पानांचा ढीग ओट्यावर पडला होता. ती कळशी शेजारी ठेवून बसली आणि पानं धुवायला लागली. बादलीतल्या पाण्याने नाही. कळशीतल्या. ओंजळभर पाणी घ्यायचं, पानावर शिंपडायचं, तळव्याने पुसायचं, बाजूला ठेवायचं. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मीही पदर खोचून तिच्यासमोर बसले. एक मोठं पान तिने शेवटपर्यंत वेगळं ठेवलं, शेंडा न फाटलेलं. ते तिने दोनदा धुतलं आणि उरलेलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं.

“ह्ये तिला,” ती म्हणाली.

आई स्वतः गेली नाही. पानं घेऊन मीच गेले आणि वाढायला मदत करते असं सांगून पानं मांडायचं काम हातात घेतलं. नवरी अंगभर हळद लावून पाटावर बसली होती. मला बघून तिचे डोळे भरले. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या आईसमोर ते तिला जमलं नाही. मी ते पान तिच्यासमोर ठेवलं. अजून ओलं होतं. तिने बोटांनी त्यावरचं पाणी सारखं केलं आणि तोच हात सवयीने कपाळाला लावला.

पंगत बसली. सकाळी ज्यांच्या माना वळल्या नव्हत्या त्या बायका पानांवर वाकून जेवत होत्या. भात झाला, वाल झाले, खीर झाली, कुणी कुणी तर चांगला आडवा हात मारला. वहिनी वाढत वाढत माझ्याजवळ आली आणि समेट करावा तसं म्हणाली की पानं काय सुरेख आहेत. मी म्हटलं, हो, पाणी चांगलं आहे. कोणकोण दुसऱ्यांदा भात मागतंय ते मी नीट बघून ठेवलं. मला अजून त्यांतल्या कुणाचाही राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही खटपटही करत नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर तशीच बसली होती, रिकामी कळशी शेजारी पालथी घालून.

“जेवली पोर?”

म्हटलं, जेवली, पान स्वच्छ केलं.

“मग पोचलं पानी,” आई म्हणाली, आणि माझ्यासाठी भात गरम करायला उठली.