मस्कतला नेलेला प्रश्न

उज्जैनला देवासगेटच्या टॅक्सी स्टँडवर माणिक पाग्यांचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग त्यांच्याविषयी चांगलं बोलायची. हसायची ती आडनावावरून. पूर्वज शिंदे सरकारच्या पागेत घोडी सांभाळायचे, आणि माणिकराव स्वतःच म्हणायचे, "आमच्या खानदानाच्या हातातून लगाम काही सुटला नाही, जनावर तेवढं बदललं." चांगलं बोलायची ती अशासाठी, की एवढ्या वर्षांत त्यांनी सवारीला कधी मधेच उतरवलं नाही. महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, मंगळनाथ अशी फेरी मारताना एखादी म्हातारी गर्दीला घाबरली, तर हात धरून रांगेपर्यंत सोडून येतील, तिच्या चपला सांभाळत उन्हात उभे राहतील, आणि वरून डाफरतीलही, "आजी, घाई कसली करता? महाकाल काय कुठे पळून चाललेत?" तोंडानं फटकळ माणूस, पण सवारी म्हणजे जबाबदारी असं मानणारा.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा परमुलखात, परक्या टॅक्सीत गेला. याला काय म्हणावं?

आल्हाद मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. नुकती कुठे तिशी ओलांडलेली. एका दुपारी छातीत दुखायला लागलं. कंपनीची गाडी सामान आणायला गेली होती, म्हणून हा एकटाच रस्त्यावर आला आणि टॅक्सीला हात केला. टॅक्सी हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. कंपनीनं त्याचा देह रीतसर विमानानं घरी पाठवला. चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर माणिकरावांनी अग्नी दिला. तेरावं झालं. फ्रीगंजातल्या त्यांच्या घरी माणसं येऊन, बसून, गेली.

माणसं गेल्यावर शोभाताईंनी, म्हणजे आल्हादच्या आईनं, एकच विचारलं. "अहो, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं का?"

आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही. माणूस जातोय असं दिसलं की घरातलं कुणी ना कुणी गंगेचा गडू फोडायला धावतं. गडू नसला तर माठातलं घालतात, पण तोंड कोरडं ठेवून कुणाला जाऊ देत नाहीत. सासऱ्यांच्या तोंडात, स्वतःच्या आईच्या तोंडात शोभाताईंनीच पाणी घातलं होतं. आणि पोटच्या पोराचं मात्र त्यांना ठाऊकच नव्हतं.

"घातलं असेल गं कुणीतरी," माणिकराव म्हणाले.

"असेल नको. विचारून सांगा."

हे एकदाचं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी प्रश्न जागचा हलेना. पोळी लाटता लाटता शोभाताई थांबायच्या आणि तेच विचारायच्या. जेवताना पाण्याचा पेला उचलायच्या आणि तसाच खाली ठेवायच्या. माणिकरावांना बघवत नसे. मग ते गाडी काढून उगाच टावर चौकापर्यंत जाऊन यायचे.

शेवटी त्यांनी आल्हादचा खोलीसोबती सुमीत याला फोन केला. सुमीतनं टॅक्सीवाल्याचा पत्ता काढला. नाव खमीस, राहायला बरका गावात, तिथल्याच स्टँडवर गाडी लावतो. "पण काका, तो बोलतच नाही. आल्हादचं नाव काढलं की फोन कट करतो."

हे ऐकलं आणि माणिकरावांना भलतीच शंका आली. धंदा त्यांच्या हाडीमांसी खिळलेला. गाडीत सवारी दगावली की पोलीस, पंचनामा, गाडी ठाण्यात जमा, हे त्यांना सांगायला नको होतं. आजारी सवारीला चौकात उतरवून पोबारा करणारे महाभाग उज्जैनातही त्यांनी पाहिले होते. फोन कापतो म्हणजे त्याच्या मनात खोट आहे. यानं पोराला गाडीत तडफडू दिलं असेल काय, रस्त्यात कुठे टाकून मग उचललं असेल काय, असले नाही नाही ते विचार त्यांची पाठ सोडेनात.

पासपोर्ट काढून ठेवलेलाच होता, आल्हाद आईबापांना बोलावणार होता म्हणून. वर्षश्राद्धाच्या आधी जाऊन येतो, असं त्यांनी जाहीर केलं. चुलतभाऊ तात्या म्हणाले, "माणिक, गेलेल्या माणसाच्या पाण्याचं विचारायला कुणी विमानानं जातं का?" माणिकराव म्हणाले, "तुझा गेला असता तर तूही गेला असतास."

मस्कतला पोचल्यावर पहिल्याच टॅक्सीशी फजिती झाली. पांढरी, कडेला नारिंगी पट्टा असलेली गाडी. सवारीनं पुढे बसायचं तर डावीकडचं दार, या सवयीनं माणिकरावांनी दार उघडलं आणि थेट स्टिअरिंगपुढे जाऊन बसले. लांब पांढरा झगा घातलेला टॅक्सीवाला बाहेर उभा राहून हसायला लागला. "चाचा, चलाना है क्या?" इथली वाहतूक उलटी, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उतरले आणि उजवीकडे जाऊन बसले. आयुष्यभर गाडी हाकलेल्या माणसाला शेजारी नुसतं बसणं जड जातं. समोरची गाडी थांबली की माणिकरावांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा.

वाटेत अजान झाली तसा टॅक्सीवाल्यानं मशिदीपाशी गाडी उभी केली. इंजिन चालू, किल्ली जागेवर, एसी चालू. "सदीक, पाँच मिनट," म्हणाला आणि आत गेला. सदीक म्हणजे दोस्त, हे नंतर सुमीतनं सांगितलं. माणिकराव थक्क झाले. ओळख ना पाळख, आणि माणूस आपली रोजीरोटी अनोळखी सवारीच्या हवाली करून देवापुढे उभा राहतो. देवासगेटला असं कुणी केलं असतं तर माणिकरावांनीच त्याला येड्यात काढलं असतं. पण तो परत येईपर्यंत ते गाडीची राखण करत ताठ बसून राहिले. आपलं पोर अशाच कुणाच्या तरी गाडीत बसलं असेल तर बरं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बरक्याच्या स्टँडवर गेले. फोन कापता येतो, पण समोर उभ्या सवारीला टॅक्सीवाला नाही म्हणत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सुमीतनं गाडीचा नंबर दिला होताच. एका टपरीच्या सावलीत ते वाट पाहत बसले. दोन गाड्यांना त्यांनी नको म्हटलं. मग ती गाडी आली. ते उठले, उजवीकडचं दार उघडून बसले आणि आल्हादला जिथे नेलं होतं त्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

खमीस चाळिशीचा, दाढी राखलेला माणूस होता. त्यानं काळजीनं विचारलं, "तबियत ठीक नहीं, चाचा?"

"मैं ठीक हूँ," माणिकराव म्हणाले. "पिछले साल मेरा लड़का इसी गाड़ी में था."

खमीसनं गाडी हळूच कडेला घेतली आणि उभी केली. मग बोलायला लागला तो थांबेचना. पोरगा इथेच, तुम्ही बसलात तिथेच बसला होता. एका हातानं मी त्याची छाती चोळत होतो, दुसऱ्या हातानं गाडी चालवत होतो. लाल दिवा लागला तरी थांबलो नाही. त्यानं पाणी मागितलं. बाटली इथेच, दोघांच्या मधे होती. पण माझा भाऊ असाच आजारी असताना मी त्याला पाणी पाजलं होतं आणि डॉक्टर माझ्यावर ओरडला होता. म्हणून मी म्हटलं, बस, आता आलंच हॉस्पिटल. त्यानं परत मागितलं. मी म्हटलं, सबर कर, भाई.

"फिर उसने माँगना बंद कर दिया," खमीस म्हणाला. "मैंने सोचा, आराम आ गया."

फोन का कापायचा, हेही त्यानं सांगितलं. कधी ना कधी त्याची आई विचारणार. पाणी होतं आणि मी दिलं नाही, हे आईला कोणत्या तोंडानं सांगू?

माणिकरावांच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण म्हणतात ना, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. माणिकराव त्याच वंशातले होते. त्यांच्या गाडीत कुणाचं पोर असं कळवळलं असतं तर त्यांनीही बाटलीकडे न बघता गाडीच पळवली असती. ते स्वतःला पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यांना नीट रागावताही येईना. त्यांनी खमीसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चलो, भैया." त्याच्या गाडीतूनच ते परत सुमीतच्या खोलीवर आले.

विमानात त्यांनी ठरवून टाकलं. घातलं म्हणून सांगायचं. एका शब्दाचं खोटं, त्यानं कुणाचं काय बिघडतं? शोभा दोन घास सुखानं खाईल. इंदूरला उतरून उज्जैनला येईपर्यंत त्यांनी तो शब्द मनात शंभरदा म्हणून पाहिला.

शोभाताईंनी दार उघडलं. हातपाय धुवू दिले, वरणभात वाढला, पुढ्यात बसल्या आणि मग विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"मग?"

शब्द जिभेवर तयार होता. पण वर्षभर या बाईनं हे एकच विचारलं होतं, आणि तिला खोटं दिलं तर मस्कतला गेलो कशाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्यानं मागितलं होतं, शोभा. दोनदा. नाही मिळालं." आणि खमीसनं सांगितलेलं सगळं, काही न लपवता, सांगितलं.

शोभाताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोन लावा त्याला."

माणिकराव घाबरले. "अगं, त्याचा काही दोष नाही..."

"लावा म्हटलं ना."

या खेपेला खमीसनं फोन कापला नाही. शोभाताईंनी पदर सावरला, जणू तो समोर बसलाय. "भैया, मैं आल्हाद की माँ बोल रही हूँ. सुनिए. आपने ठीक किया. मैं गाड़ी में होती तो मैं भी यही कहती, पहले डॉक्टर. आपने मेरे बेटे को अकेला नहीं छोड़ा, मेरे लिए बहुत है. मन पर बोझ मत रखिए." पलीकडून एका जाणत्या पुरुषाचं रडणं ऐकू येत होतं. "रोइए मत, भैया," त्या म्हणाल्या. "बाल-बच्चों को देखिए, अपना खयाल रखिए." आवाज कुठेही कापला नाही. त्यांनी फोन ठेवला.

मग नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, तहान लागली होती हो माझ्या पोराला."

आणि त्या रडायला लागल्या. वर्षभर आल्यागेल्यासमोर डोळे पुसत होत्या, ते रडणं नव्हतं, हे माणिकरावांना आत्ता कळलं. समजूत घालावी असं त्यांना वाटलं नाही. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि आल्हाद गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकत्र रडले.