उलटी ठोकलेली खिट्टी

तात्या सुतारांनी जन्मभर माणसांसाठी दारं केली, पण उतारवयात नाव झालं ते मांजरांच्या दारांमुळे. मोठ्या दाराला खाली चौकोन कापायचा, त्यात बिजागरीवर झुलणारी झडप बसवायची, की मांजर आपलं आपण येतं-जातं. "माणसं दार आपटतात, मांजरं नाही," असं ते म्हणत. गिऱ्हाइकांपेक्षा मांजरांशीच त्यांचं जास्त जमायचं.

त्या सकाळी त्यांनी मास्तरीणबाईंकडे अशी झडप बसवली. शेजारचा कुत्रा दुपारी मोकळा सोडतात, म्हणून बाईंची मांजर ढमी तेवढ्या वेळात आत येऊ शकेल पण बाहेर पडू शकणार नाही, अशी खिट्टी लावायची होती. काम चोख झालं म्हणून स्वारी खुशीत घरी जेवायला बसली, आणि पातेल्यावरचं झाकण घेऊन बायकोला झडप कशी हलते ते दाखवू लागली. दाखवता दाखवता हात थांबला. खिट्टी ठोकताना फळी बाकावर पालथी होती! आतली समजून ठोकलेली बाजू बाहेरची निघाली. म्हणजे ढमी बाहेर पडणार, आणि आत काही येऊ शकणार नाही.

"अगं, मेलं ते मांजर!" म्हणत तात्या उष्ट्या हातानंच पळाले.

वाटेत नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. बहीण गेल्यापासून बाईंना बोलायला ढमीशिवाय कोणी नव्हतं. कोपऱ्यावरूनच भुंकणं ऐकू आलं आणि तात्यांनी धोतर सावरत आणखी वेग घेतला.

अंगणात ढमी जिवाच्या आकांतानं पळत होती, मागे कुत्रा. तेवढ्यात आतून बाईंचा हात बाहेर आला आणि झडप उचलून धरली. ढमीची शेपटी आत गेली, झडप पडली. तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पायरीवरच बसकण मारली.

"बाई, सकाळपासून अशा दाराशी बसलात?"

"मग काय! ती पंजा मारते, मी उघडते. तुम्ही केलंय म्हटल्यावर असंच असणार, असं वाटलं मला."

शिव्या घातल्या असत्या तरी तात्यांना इतकं लागलं नसतं. "खिट्टी मीच उलटी ठोकली हो!"

"अहो, मग आधी सांगायचं ना! गुडघे गेले माझे," म्हणत बाई खो खो हसत सुटल्या.

तात्यांनी खिट्टी काढून फिरवली. ढमीनं आतून नाक लावून पाहिलं, झडप हलली नाही. तात्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी ढमीलाच नमस्कार केला.

"चला," बाई जरा हळू म्हणाल्या, "आता दाराशी मी नसले तरी चालेल."

"ढमीला चालेल," तात्या म्हणाले. "मी अर्ध्या जेवणावरून उठून आलोय. मला वाढा काहीतरी."