दाराजवळ आलेली साखळी

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. शालनचं शाळेतलं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण सोमवारपासून तिचा पाचवीचा वर्ग कायमचा माझा. कपाटात खडू, एक स्वेटर, डिंकाची बाटली, रंगीत कागद. काम थोडंसंच. पण भिंतीवर ती साखळी होती, आणि मला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती.

वडूजजवळच्या या शाळेत आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. कांदा काढणी, शेरडं, पाहुण्यांची लग्नं... तिच्या वर्गातली पोरं सारखी गायब. रागावून झालं, घरोघर फिरून झालं. शेवटी तिनं खेळ काढला. ज्या दिवशी सगळा वर्ग हजर, त्या दिवशी भिंतीवर कागदाची एक कडी. एक जरी गैरहजर, तर साखळी उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. फळ्यापासून दारापर्यंत पोचली की महाबळेश्वरची सहल. पोरांनी विचारलं, "आन् बाई, तुमी?" ती म्हणाली, "मी बी पटावर. माझी दांडी पडली तरी तुटली म्हणा."

पोरंच एकमेकांना घरातून ओढून आणू लागली. मी तिला चिडवायचे, "तू शिक्षिका की मुकादम गं?" "मुकादम पगार देतो, मी डिंक देते," ती हसायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती छाती दाबत वर्गात शिरली. चेहरा राखेसारखा. दोन दिवसांपासून दुखत होतं. "ॲसिडिटी हाय गं." दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, "उद्या जाते. रविवारी कडी नसती." रविवारी पहाटे तिच्या भावाचा फोन आला. "आक्का गेली..."

त्यानंतर तिचा वर्ग माझ्याच वर्गात बसायचा. साखळी मात्र पोरांनी थांबवली नाही. मधल्या सुट्टीत आपल्या रिकाम्या वर्गात जाऊन कडी चिकटवून यायची. आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांच्यातली अक्षता आली, कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"घरी का नाही थांबलीस?"

"साखळी तुटंल, बाई."

"तुटू दे की."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मागून एकजण म्हणाला, "बाईंच्या छातीत दुखत हुतं, तरी त्यांनी तोडली न्हाई. आता तुमी बी पटावर हाय." त्याच्या आवाजात अभिमान होता. अक्षताला स्कूटीवर बसवून घरी सोडलं, तर उतरताना विचारते, "हजेरी लागली नव्हं?"

रविवारी त्या रिकाम्या वर्गात उभी राहून मी विचार केला. साखळी मी उतरवली, तर पोरं दुसरी करतील. ठेवली, तर सोमवारी अक्षता तापातच येईल. आणि ती घरी थांबली, तर साखळी तोडणारी म्हणून तिचं नाव वर्ग विसरणार नाही. शालननं खेळ चांगला केला होता. फक्त आजारी पडायची सोय त्यात ठेवली नव्हती, स्वतःसाठीसुद्धा. तिनं लावलेल्या शेवटच्या कडीवर तिचा अंगठा डिंकात उमटला होता. पुढच्या कड्या पोरांच्या, वेड्यावाकड्या, दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर आलेल्या.

सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी अक्षताच्या आईला फोन करून पोरीला झोपू द्या म्हणून सांगितलं. मग मुख्याध्यापकांना लावला.

"सर, आज माझी रजा."

"का बाई, बरं नाही?"

"ठणठणीत आहे. हजेरी घ्यायच्या आधी वर्गात सांगा, साखळी नव्या बाईंनी तोडली."