मी बसवलेली पट्टी

जुन्या कॉम्प्युटरचं कुठलंही बटण दाबण्याआधी बाबांचं बोट हवेत थबकतं, हे मी आज पाहिलं. कॉम्प्युटर वेगाने चालावा म्हणून गणपतीत मीच त्यात मेमरीची जादा पट्टी बसवली होती. तेव्हापासून तो मध्येच बंद पडायचा. "तुम्ही भलतंच काहीतरी दाबता," मी फोनवर डाफरायचो. आज खोका उघडून माझी पट्टी काढली, आणि तो मुकाट्याने चालू लागला. त्या जुन्या मशीनला ती मानवतच नव्हती. शेजारी बाबांची वही होती. काय दाबल्यावर बंद पडला, ते दर वेळी टिपलेलं. दोष देणाऱ्याला किती थोडे कष्ट पडतात!

"बाबा, चूक माझी होती."

"असू दे रे," ते हसले. पण बटण दाबायला गेलेलं बोट थबकलंच, आणि त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.