ढोल, तळवे आणि हॅप्टोग्लोबिन

मी जेवताना हात आपटून काही ठासून सांगायला लागलो की आमच्या घरात बायको एकच शब्द उच्चारते: हॅप्टोग्लोबिन. मी गुपचूप हात मांडीवर ठेवतो. नव्या सुनेला बरेच दिवस वाटत होतं, ते माझ्या गोळ्यांचं नाव आहे. शेवटी तिला सगळी हकीकत सांगावी लागली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होतो आणि घरच्यांनी मला लग्नाला उभं केलं होतं. पलीकडच्या कॉलनीतल्या एका मुलीचं स्थळ आलं. मी मनातल्या मनात होकार देऊन मांडवातही बसलो होतो, पण तिच्या वडिलांचं ठरत नव्हतं. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून जाईल, तेव्हा मुलाला नीट बघू, असा त्यांचा निरोप आला. नीट दिसायचं तर पुढच्या रांगेत ढोल हवा, असं मी ठरवलं.

अडचण एवढीच की मला ढोल येत नव्हता. आमच्याकडे ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसऱ्या बाजूला उघड्या तळव्याने वाजवतात. वस्तीतला ताफा दादा रंगारी बसवायचे. त्यांनी माझी थाप ऐकली आणि क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "ताल राहू दे. लय जोर हाय ना अंगात? मग आवाज तरी काढ."

तो सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला. तळवे टणक व्हावेत म्हणून घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर थापा मारायला लागलो. आई भाकरी थापायची, तिच्या शेजारी मी नुसताच ओटा थापायचो. दोन्ही हातांनी. ओट्याने दाद दिली नाही तेव्हा मोरीतल्या सिमेंटच्या टाकीकडे वळलो. संध्याकाळी पुन्हा तालीम होतीच.

मिरवणूक आठवड्यावर आली आणि एका सकाळी मला लघवी झाली ती काळ्या द्राक्षांच्या रसासारखी. मी तिथेच भिंतीला टेकलो. आपण काही जगत नाही, हे नक्की झालं. त्या मुलीला फसवायचं नाही, नकार कळवायचा आणि मग शांतपणे मरायचं, असं ठरवून मी दाढीसुद्धा केली नाही. आईने मला तसाच ओढत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. बीट खाल्लं का, मार लागला का, असं विचारता विचारता त्यांनी माझे सुजलेले तळवे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. असलं काही त्यांनी फक्त वाचलं होतं. त्यांनी रक्त-लघवी तपासून घेतली आणि मग समजावलं. थापांखाली रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत होत्या आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोकाट सुटत होतं. रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं एक प्रथिन असतं, ते अशा सुटलेल्याला धरून ठेवतं. मी इतका सोडत होतो की धरणारं संपलं आणि उरलेलं लघवीवाटे निघालं. भरपूर पाणी पी, ढोल बंद, हात आपटणं बंद, आपोआप बरा होशील.

"आणि ओटा?" आईने विचारलं.

"तोही बंद."

बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनी हे ऐकलं. दुपारपर्यंत वस्तीत माझं रक्त नासलं होतं आणि संध्याकाळी ते पलीकडच्या कॉलनीत पोचलं. मिरवणुकीत मी ढोलाऐवजी सरबताची बादली घेऊन फिरलो. तिच्या दारावर सगळे मला अगदी नीट बघत होते, पण आजाऱ्याला बघतात तसे.

चार दिवसांनी तिच्या मामांनी मला बोलावून घेतलं. रक्ताचा आजार असेल तर आताच सांग, म्हणाले, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तिचे वडील खाली मान घालून बसले होते. मी घसा साफ केला आणि हॅप्टोग्लोबिन या विषयावर व्याख्यान सुरू केलं. पेशी फोडून दाखवण्यासाठी तळहातावर मूठ आपटली, प्रथिन दाखवण्यासाठी मामांचं मनगट धरलं. मामा आणखीनच घाबरले. स्थळ हातातून चाललंय हे मला स्पष्ट दिसत होतं, पण तोंड थांबेना.

तेवढ्यात चहा घेऊन ती बाहेर आली. कप मामांपुढे ठेवून म्हणाली, "मामा, आजार वगैरे काही नाही. यांना ढोल वाजवता येत नाही, एवढंच आहे."

तिचे वडील आधी हसले. मग मामांनी स्वतःचं मनगट सोडवून घेतलं आणि चहा उचलला. अपमान झाला की होकार मिळाला, हे मला घरी जाईपर्यंत कळलं नाही. पुढच्याच महिन्यात लग्न ठरलं.

लग्नाच्या वरातीत दादांचा ताफा आमच्या दारात थांबला. लाडात येऊन त्यांनी ढोल माझ्यापुढे धरला. माझा हात उचलला गेला, शपथेवर सांगतो, आपोआप. शेजारी नवी नवरी मान खाली घालून उभी होती. तिने मान वर केली नाही, पण माझं मनगट असं काही घट्ट धरलं की चुडा माझ्या हातात रुतला. वरात संपेपर्यंत सोडलं नाही.