उभ्या गाडीची धास्ती

धावत्या गाडीला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण उभ्या गाडीला भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे सख्खे मामा. मामा खर्ड्याचे. खड्डे, समोरून अंगावर येणारी उसाची ट्रॉली, रस्त्यात आडवा पसरलेला शेळ्यांचा कळप, यातल्या कशानेही त्यांचा चेहरा हलत नाही. खर्ड्याहून नगरपर्यंत ते बिनघोर येतात. नगरात शिरल्यावर पुढचा दिवा लाल झाला, की मात्र त्यांच्या कपाळावर घाम येतो. मग चपला निघतात, दोन्ही अनवाणी पाय ब्रेकवर चढतात आणि स्टिअरिंग असं आवळलं जातं की बोटं पांढरी पडावीत. तेवढा वेळ गाडीत कुणी बोलायचं नाही. मामींनी बडीशेपसुद्धा चावायची नाही. "हालू नगा कुनी," मामा दबक्या आवाजात म्हणतात, "हिला कळंल."

'ही' म्हणजे मामांची विजेवर चालणारी गाडी. ती घेतली मामींसाठी. मामींना पेट्रोल-डिझेलच्या वासाने गाडी लागते. लागते म्हणजे काय, तर एसटी नुसती फाट्यावर दिसली तरी त्या इकडे लिंबू हुंगायला लागतात. त्यामुळे बाईचा सगळा जन्म बैलगाडीने जाता येईल तेवढ्या टापूत गेला. एकदा कुणाच्या तरी विजेच्या गाडीत बसून त्या जामखेडला जाऊन आल्या आणि उतरल्या उतरल्या चक्क "भूक लागली" म्हणाल्या. मामांनी ते वाक्य असं काही मनावर घेतलं, की महिन्याभरात तसलीच गाडी दारात आणून उभी केली. मात्र उभी केल्या क्षणापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. चारही चाकांना दगड लागले. एकदा तर मागच्या हुकाला बैलाचं दावं अडकवून त्याचं दुसरं टोक गोठ्यातल्या खुंट्याला बांधलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

एकदा मामींच्या देखतच मी त्यांची समजूत घालायला गेलो. मी गाड्यांबद्दल पुष्कळ वाचतो. म्हटलं, "मामा, हे बटण दाबून ठेवा. मग सिग्नलला थांबल्यावर ब्रेकवरचा पाय काढला तरी चालतो. गाडी जागची हलत नाही."

"आन् धरतंय कोन तिला?"

"ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते."

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हंजी जी पळनार हाय, तिच्याच हातात दावं द्यायचं?"

मी बटणाचा विषय तिथेच मिटवला.

परवा आम्ही तिघं संगमनेरला निघालो होतो. मामींची थोरली बहीण तिथे असते. ती पडून मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली आहे. कित्येक वर्षांत दोघी बहिणींची गाठ नाही, जे काही ते फोनवर. "डोळं मिटायच्या आत एकदा तोंड दाव," असा तिचा निरोप आला होता, आणि मामी चार दिवसांपासून पिशवी भरून बसल्या होत्या.

नगरात पहिलाच सिग्नल लाल मिळाला. त्यात रस्त्याला जरासा उतार. पायांवर भरवसा नसला की मामांचा एक जादा इलाज असतो. "उतर गं," मामा म्हणाले. मामींनी पायाशी ठेवलेला दगड सवयीने उचलला, उतरल्या आणि पुढच्या चाकाला लावायला वाकल्या. चौकातला पोलीस धावत आला. "आजी, चूल मांडताय का इथं?"

"न्हाई वं, चाकाला लावतीया. ह्यांना भ्या वाटतंय."

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मागे हॉर्नचा नुसता कालवा. पोलिसाने दगड ओढून मामींच्या हातात दिला आणि गाडीकडे बघून जोरात शिट्टी मारली. त्या शिट्टीने दचकून मामांचे दोन्ही पाय सुटले, एक भलतीकडेच पडला, आणि गाडी हूं की चूं न करता चौक ओलांडून गेली. मी मागून ओरडलो, "मामा, मामी राहिल्या!"

पुढून वळून परत येईपर्यंत मामा एकच वाक्य पुटपुटत होते. "चाकाखाली न्हाई ना आली? चाकाखाली न्हाई ना आली?" मी दहादा नाही म्हणालो, पण त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला हसू येईना, कारण हे भय कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मामांची पिठाची गिरणी होती. एका दुपारी लाइट गेली, गिरणी गप्प झाली आणि मोटरचा पट्टा सुटलेला दिसला. मामा मोटरचा खटका बंद करायला विसरले आणि मामींनी पट्टा चढवायला हात घातला. नेमकी त्याच वेळी लाइट आली. मामींच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. त्या दिवसापासून विजेवर चालणारी आणि गप्प उभी असलेली कुठलीही वस्तू मामांच्या लेखी उभी नसते. ती नुसती टपून बसलेली असते.

मामी दुभाजकावर बसून पोलिसाकडे त्याच्या गावच्या पाऊसपाण्याची चौकशी करत होत्या. मामांनी गाडी कडेला घेतली. "बस. माघारी जायचं. ही गाडी मी इकून टाकतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घे चालवाया."

मला गाडी चालवता येत नाही, हे मला त्या वेळी सांगावं लागलं.

"आक्का वाट बघतीया," मामी म्हणाल्या.

"फोन कर तिला."

मामी गाडीत बसल्या. दार लावून घेतलं. मग इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "बोटं माजी गेली. मी त्याच हातानं भाकरी थापती. आन् भ्या मात्र तुमीच धरून बसलाय. सोडा की आता. मला बहिनीकडं जायचंय."

मामांनी गाडी पुन्हा संगमनेरच्या वाटेला लावली.

पुढचा सिग्नलही लाल होता. गाडी थांबली. मामींनी मला विचारलं, "कंचं बटन रं?" मी दाखवलं, त्यांनी ते दाबलं आणि तो उजवा हात मामांच्या गुडघ्यावर ठेवला. "उचला पाय."

मामांनी डोळे मिटून पाय उचलला. गाडी मात्र जागची हलली नाही.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले, एक मोटारसायकलवाला शिव्या देत बाजूने गेला, तरी मामा निघेनात. मामींचा तो अर्ध्या बोटांचा हात अजून त्यांच्या गुडघ्यावर होता, आणि तो काढ असं म्हणायला त्यांना जीभ रेटत नव्हती.